ताईच्या सायकलचा डावा क्रँक

मनगट दुखतं म्हणून डॉक्टरांनी दातांचा दवाखाना बंद केला, तेव्हा त्यांच्या बायकोला वाटलं, आता तरी हा माणूस घरात निवांत बसेल. कसलं काय! आठवड्याभरात त्यांनी गॅरेजमधली गाडी रस्त्यावर काढली, तिथे दवाखान्यातला मोठा दिवा टांगला आणि माळ्यावरून ताईची जुनी माउंटन बाइक खाली उतरवली. अडतीस वर्षांची धूळ, गंजलेली साखळी, आणि पुढचं चाक धरणारा चिमटा असा वाकलेला की सायकल मान वळवून मागे बघतेय असं वाटावं.

चिमटा वाकवला होता डॉक्टरांनीच. तेव्हा ते डॉक्टर नव्हते, कॉलेजात होते, आणि अक्कल वाटप चालू असताना बहुतेक गैरहजर होते. ताई घरी नाही असं बघून तिची नवीकोरी सायकल न विचारता टेकडीवर नेली, उतारावर सोडली आणि थेट एका भिंतीला जाऊन भेटले. भिंतीला काही झालं नाही.

ताई त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. ती ना ओरडली, ना रडली. एवढंच म्हणाली, "माझी सायकल होती तशी परत दे. तोवर, उद्या तुझं घर झालं तरी तिथला चहा मला नको." माणसं रागाच्या भरात असं काहीबाही बोलतात आणि चार दिवसांनी विसरतात. ताईने मात्र शब्द पाळला. भावाचं लग्न झालं, स्वतंत्र घर झालं, मुलं मोठी होऊन पांगली. ताई दर रविवारी येते, जेवते, गप्पा मारते, आणि चहाची वेळ झाली की पिशवीतून स्वतःचा थर्मास काढते.

"अहो, तुम्ही एकदा पडलात," बायको म्हणायची, "आणि बदनामी माझ्या चहाची झाली. शेजारचे विचारतात, वन्सं थर्मास का आणतात?"

दवाखाना बंद केला त्याच वर्षी ताईने साठी ओलांडली आणि डॉक्टर विचार करू लागले. हा रुसवा असाच राहिला आणि दोघांपैकी एकजण गेलं, तर? ताईने आपल्या घरी एकदा तरी चहा प्यायला हवा, बस्स, त्यांनी मनाशी ठरवलं.

आता दुसरा कोणी असता तर त्याने चिमटा बदलून, तेल घालून सायकल दिली असती. पण डॉक्टर हाडाचे दंतवैद्य. 'होती तशी' म्हणजे होती तशी. त्यांनी कुठून कुठून सायकल कंपनीचं, ताईने ती घेतली त्या वर्षीचं रंगीत माहितीपत्रक मिळवलं आणि एक फाइल केली. नियम एकच : सायकल ज्या वर्षीची, तिचा प्रत्येक भाग त्याच वर्षीचा. या भागांच्या पाठीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात, त्यांवरून ते कधी बनले हे कळतं. ती डॉक्टर भिंगातून वाचायचे. अंगठ्याने ढकलायचे गिअरचे खटके सात महिने शोधले. मिळाले ते एका वर्षाने नवे निघाले, म्हणून परत पाठवले.

"एका वर्षाने काय बिघडतं?" बायको म्हणाली.

"उद्या तुझ्या तोंडात दुसऱ्याची दाढ बसवली तर चालेल?"

"दुखत नसेल तर चालेल की."

डॉक्टर तडक गॅरेजात गेले आणि दातांची कीड काढायच्या आकड्याने गिअरच्या दात्यांमधला गंज काढत बसले.

अवघड कामांना चौकातला मेकॅनिक येई. साखळी आणि पायडलांचा जोड उघडला त्या दिवशी डॉक्टरांनी पहिल्यांदा डावा क्रँक नीट पाहिला. क्रँक म्हणजे पायडल ज्या दांड्याला लागतं तो. टोकाचं मूळ भोक पितळेच्या तुकड्याने बुजवलेलं, आणि दोन बोटं वर दुसरं भोक पाडून पायडल तिथे बसवलेलं. उजवा क्रँक मात्र सरळ, जसाच्या तसा.

"कोणत्या गाढवाने हा उद्योग केला?" डॉक्टर म्हणाले.

मेकॅनिकने क्रँक अंगठ्याने पुसला, दिव्याखाली धरला. "डॉक्टर, हे गाढवाचं काम नाही. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, तेसुद्धा बरोबर उलटे पाडलेत. मुरलेल्या कारागिराचा हात आहे हा. राहू द्या."

"माहितीपत्रकात आहे का असा?"

"माहितीपत्रकात नाही, पण सायकलवर आहे ना."

डॉक्टरांना कुणाचं ऐकायची सवयच नव्हती. तीस वर्षं त्यांच्यासमोर बसलेल्या माणसांच्या तोंडात कापूस असायचा. शिवाय त्यांना आतून उकळ्या फुटत होत्या. इतकी वर्षं ते कानीकपाळी ओरडत होते की आपण पडलो कारण सायकलमध्येच खोट होती, डावा पाय भलतीकडेच जात होता. घ्या, हा पुरावा! पाच महिने खपून त्यांनी त्याच वर्षीचा अस्सल डावा क्रँक मिळवला आणि जुना भंगाराच्या खोक्यात भिरकावला.

मग तो रविवार आला. ताई फाटकातून आत आली आणि थबकली. सायकल अंगणात उभी होती, लख्ख. ताईने हँडलवरून हात फिरवला, घंटी वाजवून पाहिली, आणि हसली.

"रंग अगदी तोच आहे रे," ती म्हणाली.

डॉक्टरांची छाती दोन इंच फुगली. आत बायकोने लगेच आधण ठेवलं. ताई सायकलवर बसली, पायडल मारलं, एकदा, दोनदा. तिची कंबर एका बाजूला कलली, डावा पाय पायडलवरून निसटला, आणि दहा पावलांवर तिने ब्रेक दाबला. उतरली. सायकल स्टँडवर लावली, पायरीवर बसली आणि पिशवीतून थर्मास काढला.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

"तुझी नाही?" डॉक्टरांचा आवाज चढला. "यातला स्क्रूसुद्धा त्याच वर्षीचा आहे! उलट कुठल्याशा गाढवाने भोकं पाडून डाव्या क्रँकचं वाटोळं केलं होतं, तो मी काढून टाकला."

ताईने थर्मासचं झाकण हळूच परत लावलं.

"ते गाढव म्हणजे आपले बाबा," ती म्हणाली.

बाबा कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होते. ताईने डाव्या पायातला बूट काढून भावाच्या हातात दिला. आत टाचेखाली चामड्याचा जाड थर चिकटवलेला होता.

"मी सहा वर्षांची होते, जिन्यावरून पडले. हाड जुळलं, पण पाय दोन बोटं आखूड राहिला. तू तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होतास. पुढे प्रत्येक बुटात, घरातल्या सपातांतसुद्धा बाबा थर घालून द्यायचे. सायकल घेतली तेव्हा क्रँक कारखान्यात नेऊन करून आणला. म्हणाले, आता दोन्ही पाय सारखे, कुणाला कळणार नाही. आणि कुणाला कळलं नाही. तू डॉक्टर झालास, तरी नाही."

"मी दातांचा डॉक्टर," डॉक्टर पुटपुटले. "गळ्याखाली कधी बघितलंच नाही." मग म्हणाले, "सांगायचंस तरी."

"विचारलंस कधी? सायकलमध्ये खोट आहे, सायकलमध्ये खोट आहे, हेच ऐकत आले मी. स्वतःच्या पायाचं व्यंग आपल्याच तोंडाने कसं सांगणार होते?"

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते गॅरेजात धावले. भंगाराचं खोकं रिकामं होतं. तेव्हा आठवलं, भंगारवाल्याला आपणच मागच्या महिन्यात हाक मारली होती. ते तिथेच जमिनीवर बसले. बाबांच्या हातची एकच वस्तू घरात उरली होती, तिला आपण गाढवाचं काम म्हटलं आणि फेकून दिलं. इतकी लाज त्यांना त्या भिंतीवर आपटल्यावरही वाटली नव्हती.

"काय शोधताय?" बायको दारात आली. "तो दोन भोकांचा दांडा का?"

"गेला तो."

"कुठे जातोय! स्वयंपाकघरातल्या खिडकीला अडकण लावलाय. वारा आला की आपटायची मेली."

"तू भंगारातून काढलास?"

"चांगला जड होता. तुम्ही टाकता, मी ठेवते, म्हणून चाललंय हे घर."

डॉक्टरांनी क्रँक दोनदा पुसून बसवला. हजारो दाढा उपटल्या, पण एवढी काळजी कुठल्याच दाढेची घेतली नव्हती. ताईने चाक धरून ठेवलं. बूट घालून ती सायकलवर बसली आणि फाटकातून बाहेर पडली. गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली, घंटी वाजवत परत आली. डॉक्टर तिच्या पायांकडे बघत होते. दोन्ही पाय सारखे फिरत होते. ते आत गेले आणि फाइलमध्ये डाव्या क्रँकसमोरची अक्षरं खोडून त्यांनी लिहिलं : बाबांचा. बदलायचा नाही.

ताईने थर्मास कुंडीत रिकामा केला. "आण गं तुझा चहा."

बायकोने कप हातात दिला. ताईने एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"अगं, साखर किती घातलीस?"

"अडतीस वर्षांची एकदम घातली, वन्सं."

ताईने अख्खा कप संपवला आणि अजून अर्धा मागितला. तेवढ्यात स्वयंपाकघरातली खिडकी धाडकन आपटली.

"आता तिला काय लावू?" बायको म्हणाली.

डॉक्टर उठले. पाच महिने खपून मिळवलेला, त्याच वर्षीचा, अस्सल डावा क्रँक त्यांनी गॅरेजातून आणला आणि बायकोच्या हातात दिला.