टेलची शेतं आधी

शीतलने एंटर दाबला आणि पाण्याच्या पाळीची यादी नव्या प्रोग्रामच्या निळ्या खिडकीत उमटली. गोल बटणं, कोपऱ्यात थेंबाचं चित्र. पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर खुर्चीमागे उभा राहून कौतुकाची वाट पाहत होता.

तिने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर.

"ही उलटी आहे."

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावरच्या या पाणीवापर संस्थेसाठी पाच वर्षांपूर्वी, अठ्ठ्याण्णवला, तिने फॉक्सप्रोमध्ये प्रोग्राम लिहिला होता. चारीवर पाणी सोडणाऱ्या संतराममामांमागे आठ दिवस सायकलवर हिंडून. काळा पडदा, माऊसचं नाव नाही. पण टेलची, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाची शेतं आधी भिजणार, हेडची, म्हणजे चारीच्या तोंडाजवळची, नंतर, हा संस्थेचा ठराव त्यात पक्का बसवलेला होता.

"मॅडम, फॉक्सप्रो आता कोण वापरतं?" इंजिनिअर म्हणाला. "इंडस्ट्री कुठल्या कुठे गेली."

दर वर्षी नव्या टूलचं नाव यायचं आणि ते येत नाही म्हणून तिला खाली बघावं लागायचं. आज तिने मान वर ठेवली.

"नवं टूल मी महिन्याभरात शिकते. पण टेल कुठं आहे, हे त्या टूलला कोण शिकवणार? कोड दाखवा. दोन ओळींचं काम आहे, आत्ता करते."

इंजिनिअरने टेबलापलीकडे बसलेल्या संस्थेच्या अध्यक्षांकडे पाहिलं.

"त्या ओळी होत्या, मॅडम," तो हळूच म्हणाला. "संस्थेचं पत्र आलं, म्हणून काढल्या."

अध्यक्षांची वीस एकर हळद हेडला होती. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि एक कागद तिच्यापुढे सरकवला. 'जुना प्रोग्राम बंद करण्यास माझी हरकत नाही.'

"सही करा, शीतलताई. कंपनी तुमाला नोकरी देऊन राहिली. काहून हातची घालवता?"

तिने पेन घेतलं. 'नाही' हा शब्द खोडला, वर 'आहे' लिहिलं आणि खाली ठसठशीत सही केली. मग उठून कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर यादी काढायला लावली. प्रिंटर करकरत राहिला.

"त्या जुन्या यादीला आता काय अर्थ हाय?" अध्यक्ष म्हणाले.

दाराशी उकिडवे बसलेले संतराममामा उठले. त्यांनी प्रिंटरमधून यादी फाडून घेतली, कडेच्या भोकांच्या पट्ट्या सावकाश सोलल्या आणि घडी खिशात घातली.

"मला हीच वाचता येती," ते म्हणाले.

"मामा, थांबा!" अध्यक्षांनी हाक मारली. "नवी यादी घेऊन जा!"

मामा सायकलवर टांग टाकत होते. त्यांना ऐकू गेलं नसावं.