विलायती पपनस

मध्यशरदाच्या सणाच्या सकाळी लाय बिंगखुन आपल्याच अंगणात, आपल्याच पपनसांच्या ढिगावर आडवा झाला. 'पडलो' असं तो पुढे कधीच म्हणाला नाही, 'टेकलो होतो' म्हणायचा. पण त्याची मुलगी पेईरू दारातून बघत होती. हातातलं पपनस फडक्याने पुसता पुसता बाबांनी एकदम वर पाहिलं, कुणी हाक मारावी तसं, आणि मग ते गुडघ्यांतून दुमडत गेले. ढिगातली काही पपनसं घरंगळत फाटकाबाहेर गेली.

पेईरू आदल्या संध्याकाळीच शियामेन शहरातून गावी आली होती. आईने फोनवर "तुझ्या बाबांना हल्ली मधूनच गरगरतं" एवढंच सांगितलं होतं, तेही घाईघाईत, पलीकडे म्हातारा ऐकेल म्हणून. तेव्हापासून पेईरूचं कशात लक्ष नव्हतं. बसमध्ये ती सबंध वाटभर खिडकीबाहेर बघत होती आणि तिला काही दिसलं नव्हतं.

"मला उठवू नका, आधी पपनसं गोळा करा," बिंगखुन जमिनीवरूनच म्हणाला. चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

"पपनसं कुठे जात नाहीत," आई म्हणाली. "तूच जाशील, म्हातारबा."

शेजाऱ्याचा छोटा टेम्पो मागून घेऊन पेईरूने त्याला गावच्या दवाखान्यात नेलं. सणामुळे तिथे एकट्या त्साय डॉक्टरीणबाईच होत्या. त्यांनी रक्तदाब मोजला, पट्टा काढून पुन्हा मोजला. दाब फारच खाली गेला होता.

"वाढलेल्या दाबाची गोळी चालू आहे ना? सकाळी कशाबरोबर घेता?"

"पपनसाबरोबर," आईने उत्तर दिलं. त्यात थोडा अभिमानही होता. "रिकाम्या पोटी औषध नको म्हणून तोडणी सुरू झाल्यापासून मी रोज सोलून देते. फोडींवरचा पापुद्रासुद्धा ठेवत नाही. फळ अंगाला चांगलं, औषधाला जोर येतो."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. "गोळी दिली तेव्हा फळाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं?"

"बोलले होते की," बिंगखुन पडल्या पडल्या म्हणाला. "तालुक्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, विलायती पपनस खाऊ नका. मी म्हटलं, डोंगरभर स्वतःची झाडं असताना मी विलायती कशाला तोंडात घालू?"

"आजोबा, ते विलायती म्हणजे तुमच्याच पपनसाचं भावंड आहे. दोघांचा गुण एकच. तुमच्या अंगात गोळी हळूहळू जिरवणारं जे काही असतं ना, त्याला पपनस बंद पाडतं. मग तुम्ही एक गोळी घेतली तरी दोन-तीन घेतल्यासारखं होतं. दाब खाली येतो आणि येतच राहतो."

"म्हणजे माझं पपनस विष?"

"विष कसलं? उत्तम फळ आहे. पण ते आणि ही गोळी एका घरात नांदत नाहीत."

"मग गोळी सकाळी घेतो आणि पपनस संध्याकाळी खातो."

"तसंही चालत नाही, त्याचा अंमल दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. मी गोळी बदलून देईन, पण आधी दाब जागेवर येऊ दे. तोवर पेरू खा, नासपती खा, केळी खा. फळं सोडू नका, फक्त हे एक सोडा."

सोलून सोलून आईच्या नखांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, त्या ती अंगठ्याने खरवडत राहिली. पेईरू तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेली तर ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

बिंगखुन भिंतीकडे तोंड करून पडला. सबंध गावात पपनसाचे गोडवे त्याच्याइतके कुणी गायले नव्हते. खोकला असो, अपचन असो, कुणाला झोप लागत नसो, त्याच्याकडे एकच उत्तर असायचं. पेईरूला वाटलं, रुसले. त्यांना जरा वेळ द्यावा. तेवढ्यात तो ताडकन उठून बसला.

"दाओशंग," तो म्हणाला.

झेंग दाओशंग हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र. बायको गेल्यापासून वर डोंगरात एकटा राहायचा. वसंतात दोघं एकाच बसने तालुक्याला गेले होते आणि दोघांना एकच गोळी मिळाली होती.

"मीच सांगितलं त्याला, गोळीवर पपनस खात जा म्हणून," बिंगखुन म्हणाला. "तो खायचा नाही फारसा. दात आंबतात म्हणायचा. मी मागे लागलो. वर पोतं पाठवून दिलं."

पेईरूने फोन लावला. घंटा वाजत राहिली आणि थांबली. पुन्हा लावला.

"सण आहे, देवळात गेले असतील," ती म्हणाली.

"दाओशंग आणि देवळात?"

तिसऱ्यांदाही कुणी उचलला नाही. बिंगखुनने पाय खाली सोडून चपला शोधायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाई रागावल्या. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही मला इथे निजवाल, पण मी निजणार नाही. माझा दाब काय व्हायचा तो इथेही होईल." शेवटी गाडीतून उतरायचं नाही या बोलीवर त्यांनी सोडलं. मधेच काही वाटलं तर आडवं करून पाय उंच ठेवायचे, असं त्यांनी पेईरूला दोनदा सांगितलं. आईला भूमिदेवाच्या नैवेद्यासाठी घराशी उतरवून बापलेक डोंगराकडे निघाले.

रस्ता मोकळा नव्हताच. जिथे तिथे पपनसांचे ट्रक भरले जात होते, सणाचा दिवस असूनही, कारण शहरांतली दुकानं थांबत नाहीत. उरलेल्या जागेतून बाया नैवेद्याच्या टोपल्या घेऊन भूमिदेवाच्या घुमटीकडे चालल्या होत्या. वळणावळणावर फटाक्यांच्या माळा कडाडत होत्या. एका वळणावर तर गाडी हलेचना.

"हॉर्न वाजव."

"वाजवतेच आहे, बाबा."

"जोरात वाजव."

"हॉर्नला जोर कसा लावू?"

तो मुठीने गुडघ्यावर मारत होता. पेईरू एका डोळ्याने रस्त्याकडे आणि एका डोळ्याने त्याच्या ओठांच्या रंगाकडे बघत होती. पाणी पुढे केलं तर त्याने घोट घेतला आणि बाटली हातातच धरून ठेवली. समोर एक ओळखीचा हमाल ट्रकवरून वाकला. "लायकाका, दाओशंगकाकांना सकाळी टोपली घेऊन बागेत जाताना बघितलं. परत येताना दिसले नाहीत."

"केव्हा?"

"आम्ही पहिला ट्रक भरत होतो तेव्हा." आणि तो ट्रक तर केव्हाच गेला होता.

दाओशंगच्या घराचं दार सताड उघडं होतं. आत जळका वास सुटला होता. शेगडीवर अळकुड्या उकडत ठेवलेल्या, पाणी आटून भांड्याच्या बुडाला काळ्या झालेल्या. पेईरूने गॅस बंद केला. टेबलावर सोललेलं पपनस होतं, निम्म्या फोडी संपलेल्या, शेजारी गोळ्यांचं पाकीट आणि तिच्याच न उचललेल्या फोनच्या खुणा दाखवणारा फोन. तिने खोल्या पाहिल्या, मोरी पाहिली, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा पाहिलं.

बाहेर आली तर बाबा गाडीतून उतरून बांधाला धरून उभे.

"तू खालच्या अंगाने बघ, मी वर जातो."

"तुम्ही कुठेही जायचं नाही. तुम्ही पडलात तर मी कुणाकुणाला उचलू?"

ती एवढ्या जोरात बोलेल असं तिलाही वाटलं नव्हतं. बिंगखुनने तिच्याकडे पाहिलं आणि बांधावर बसला. मग छातीत हवा भरून त्याने हाक घातली. "दाओशंग. ए बहिऱ्या. अळकुड्या जाळल्यास की."

डोंगरात पायऱ्यापायऱ्यांची बाग, सगळीकडे तीच काळपट पानं आणि कागदी पिशव्या चढवलेली फळं. खाली गावात आणखी एक माळ कडाडली. ती थांबेपर्यंत बिंगखुन दात आवळून बसला आणि मग पुन्हा ओरडला. या वेळी खालच्या अंगाने काहीतरी ऐकू आलं. आधी खोकला, मग स्पष्ट शिवी.

पेईरू एकेक बांध उतरत, घसरत आवाजाच्या दिशेने गेली. दोन पायऱ्यांच्या मधल्या पाण्याच्या चरात दाओशंग बसला होता. कपाळावर रक्त सुकलेलं, एक पाय विचित्र वळलेला, टोपली उलटी.

"पेईरू ना? शहरात राहून वाळलीस," तो म्हणाला. जीभ जड होती. "तुझ्या बापाला सांग बोंबलू नको. मी मेलो नाही. कधीचा ओरडतोय, पण या फटाक्यांत कोण ऐकतंय."

रात्री चंद्रापुढे ठेवायला झाडावरचं सगळ्यात मोठं फळ आणावं म्हणून तो गेला होता. वाकला आणि समोरचा डोंगर फिरला, एवढंच त्याला आठवत होतं. पेईरूने त्याला चरातच आडवं केलं, पाय टोपलीवर ठेवले आणि ट्रकवाल्यांना फोन केला. तोवर बिंगखुन बसत बसत, बांधावरून पँट फाडून घेत खाली पोचलाच. रागवायलाही तिच्यात त्राण नव्हतं. तो मित्राच्या उशाशी बसला.

"आज सकाळी किती पपनस खाल्लंस?"

"तू सांगितलंस तेवढं. अर्धं."

"ते खायचं नव्हतं, दाओशंग."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. डॉक्टर म्हणाले होते ना विलायती खाऊ नका, ते आणि हे एकच. मला आज कळलं. मीही सकाळी अंगणात टेकलो."

दाओशंगने पानांतून दिसणाऱ्या आभाळाकडे पाहिलं. "तू म्हणाला होतास, अमृत आहे."

"म्हणालो होतो."

"मला ते कधी आवडलंच नाही," दाओशंग म्हणाला. "लहानपणापासून नाही. तुला वाईट वाटेल म्हणून गिळत होतो."

बिंगखुनने बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं आणि मित्राच्या कपाळावरचं रक्त टिपायला लागला. "हळू," दाओशंग म्हणाला, "पपनस पुसतोयस का?"

हमालांनी त्याला फळीवर घालून वर आणलं. तालुक्याला पायाचा फोटो काढल्यावर घोट्याचं हाड मोडलेलं निघालं. प्लास्टर घातलं, आणि दोन दिवस तिथेच ठेवून घेतलं. दोघांची गोळी तूर्त बंद झाली.

संध्याकाळी आईने अंगणात चंद्राच्या पूजेचं टेबल मांडलं. मूनकेक, अळकुड्या, चहाचे पेले, उदबत्त्या असं सगळं होतं. पपनस मात्र नव्हतं.

"चंद्राला कुठे दाबाचा त्रास आहे?" म्हणत बिंगखुनने ढिगातलं एक आणून मधोमध ठेवलं.

"मी रोज सकाळी तुला सोलून देत होते," आई म्हणाली. दिवसभरात ती पहिल्यांदाच त्याबद्दल बोलत होती. "तू नको म्हणालास त्या दिवशीसुद्धा दिलं. फोड तोंडाशी धरून दिली."

"मीच तुला शिकवलं होतं ते."

"सकाळी उठायला उशीर झाला तर मला चुटपुट लागायची, आज त्याचं पपनस राहील म्हणून."

त्याने तिची उदबत्ती पेटवून दिली आणि जरा वेळाने, पेईरूचा हात धरून, कुळाच्या सामायिक दिवाणखान्याकडे निघाला.

तिथे सणाचा फाशांचा खेळ रंगला होता. चिनी मातीच्या वाडग्यात फासे खणखणत होते, जिंकून देणारे लाल चौके पडले की ओरडा उठत होता. दरवर्षी पहिला डाव बिंगखुनचा असे. त्याने फासे उचलले नाहीत. वाडग्यावर हात ठेवून तो उभा राहिला आणि सकाळपासूनचं सगळं सांगितलं, स्वतःच्या सल्ल्यासकट.

आधी लोक हसले. "लायकाका आणि पपनसाची निंदा? चंद्र उगवलाय ना बाहेर, बघा रे," कुणीतरी म्हणालं. मग दाओशंगच्या पायाचं कळलं आणि हसणं विरलं. एक म्हातारी पुढे सरकली. "भाऊ, मीही दाबाची घेते. वर चरबीची एक आहे. त्यांच्याबरोबरही पपनस चालत नाही का?"

"मला विचारू नका," बिंगखुन म्हणाला. "यापुढे मला काही विचारू नका. उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारा. गोळ्यांची पाकिटं घेऊन जा."

आणखी दोघांनी खिशातली पाकिटं बाहेर काढून दिव्याखाली धरली. फासे तसेच पडून राहिले. कुणीतरी घरी आजीला फोन लावायला बाहेर गेलं, मग आणखी एक.

प्लास्टर निघेपर्यंत दाओशंग लायांच्या घरीच राहिला. सगळ्यांदेखत पेरू आणि केळी खायचा आणि आता कुणाची भीड नाही म्हणायचा. काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी दोघांना वेगळी गोळी दिली. ही पपनसाशी भांडत नाही, बेताने खायला हरकत नाही, असं सांगितलं. त्या दिवशी बिंगखुनने तोडणीतलं एक फळ निवडलं, स्वतःच सोललं, एक फोड खाल्ली आणि साखर यंदा कमी आहे म्हणाला. तो खात असेपर्यंत आई मागच्या दारी जाऊन उभी राहिली होती.

पेईरू शियामेनला परतली. रोज सकाळी कामावर जाताना ती घरी फोन करते. घंटा जरा जास्त वाजली की ती फुटपाथवरच थांबते, माणसं तिला वळसा घालून जातात. "बागेत होतो," बाबा सांगतात, "किती घाई ती तुला?" ती हो म्हणते, फोन ठेवते, आणि बस येईपर्यंत तिथेच उभी राहते.