डुलकी

लंकाबाईनं नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. सुया टोचलेल्या हाताला नव्हे, दुसऱ्या.

"अहो, डोळे उघडा. डॉक्टर येतीलच आता."

"झोपू दे गं जरा," सावळीराम पुटपुटला.

"अजिबात नाय."

तिला तरी काय हौस होती? पण दर खेपेला हेच व्हायचं. सिन्नरहून जीपमध्ये कोंबून नाशिकला यायचं आणि डायलिसिसचं मशीन सुरू झालं रे झालं की हा माणूस घोरायला लागायचा. डॉक्टर नेमके तेव्हाच यायचे. ती सांगायची, साहेब, घरी हे रात्रभर टक्क जागे असतात, पाय झाडतात, मी पाय दाबत बसते. डॉक्टर घोरणाऱ्या सावळीरामकडे बघून हसायचे. "काकू, अशी झोप मला लागली तर पेढे वाटीन!" मागच्या खेपेला तर सायली सिस्टरही हसली. ते लंकाबाईला फार लागलं.

म्हणून आज तिनं चंग बांधला होता. डॉक्टर येतील तेव्हा या माणसाला जागं ठेवायचं, त्याच्याच तोंडून वदवायचं आणि झोपेचं औषध घेऊनच घरी जायचं. नाहीतर आधी तो जातो की आपण, एवढंच बघायचं राहिलं होतं.

डॉक्टर आले.

"अरे वा, सावळीराम, आज जागे? झोप काय म्हणतेय?"

लंकाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. सांगा ना आता!

"झोप एकदम झकास, साहेब," सावळीराम म्हणाला. "हिचं काय मनावर घेऊ नका. हिला उगाच काळजी करायची सवय हाय."

"बघा काकू!" म्हणत डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

लंकाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. चारचौघांत खोटं पाडलं मेल्यानं! तिनं त्याच्या पायांवरची चादर हिसका देऊन सारखी केली.

"का खोटं बोललात?"

सावळीरामनं खिडकीजवळच्या खाटेकडे मान वळवली. तिथं आता कुणी नवाच माणूस होता. आधी यादव असायचा. साखरेचा आजार त्यालाही होता. एका रात्री झोपेतच साखर उतरली. बायको शेजारीच झोपलेली, तिला पत्ताच नाही. सकाळी ती चहा घेऊन उठवायला गेली.

"गोळी घेऊन मी गाढ झोपलो आन् साखर उतरली तर?" सावळीराम म्हणाला. "इथं मशीन बोंब मारतं. सिस्टर हाय. म्हणून डोळा लागतो. घरी कोण जागं असतं?"

"मी असते की! डायलिसिस लागल्यापासून धड पाठ टेकली नाय मी!"

"तू डुलक्या घेतेस."

तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो नुसतं सांगत होता.

"पाय दाबता दाबता तुझा हात थांबतो. मग मी जागा राहतो. कंपनीच्या गेटवर जन्मभर रात्रपाळी केली मी. बसल्या बसल्या झोपलेलं माणूस मला कळत नाय का?"

लंकाबाईला रडूही आलं आणि शिवीही आली. दोन्ही तिनं गिळलं. रात्रभर जागते मी, हे ती माहेरी, जावांत, शेजारणींत छातीठोकपणे सांगायची. अभिमानानं सांगावं असं तेवढंच तर होतं तिच्याजवळ.

सावळीराम तोंड उघडं टाकून झोपलासुद्धा. ती स्टुलावर ताठ बसली. थांब, दाखवतेच तुला. तिनं मशीनच्या गोल फिरणाऱ्या चाकावर नजर रोखली. चाक फिरत होतं, नळीतलं रक्त पुढं सरकत होतं, एसीचा गारवा अंगावर येत होता.

मशीन ठणाणा ओरडलं.

लंकाबाई दचकली. तिचं कपाळ खाटेच्या दांड्याला टेकलेलं होतं. सायली सिस्टर आधीच येऊन सावळीरामचा हात सरळ करत होती.

"काही नाही काकू, झोपेत हात वाकला त्यांचा," म्हणत तिनं बटण दाबून आवाज बंद केला. "तुम्ही झोपा निवांत."

"मी झोपले नव्हते," लंकाबाई म्हणाली.

सावळीराम डोळे उघडे ठेवून तिच्याकडेच बघत होता.