भिंतीकडे तोंड केलेला कप

टक्.

दुपारची वेळ. बाळ एकदाचं झोपलं आहे. नळ बंद, कुकर गार, पंखासुद्धा बंद, कारण त्याच्या घरघरीने बाळ उठतं. आणि एवढ्या शांततेत माझ्या सातव्या खुंटीवरचा कप लाकडावर आपटतो.

घरातली आई जमिनीवर बसून शेंगा सोलते आहे. ती थांबते, मान वर करून माझ्याकडे बघते. मग पुन्हा खाली बघते, पण बोटं काही हलत नाहीत.

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. तीन हात लांब, वीतभर रुंद, बारा खुंट्यांची. आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर असते, पण माझं आयुष्य गेलं ते दुसरीकडे. तुम्हाला सांगते.

फार पूर्वी मी एका दवाखान्यातल्या बाकाची पाठ होते. नंबर लागायची वाट बघणारी माणसं मला टेकून बसायची. बाक मोडला, तेव्हा सुतारकाकांनी मला उचललं. रंधा मारला, बारा भोकं पाडली, खुंट्या ठोकल्या. सातव्या भोकापाशी माझ्या अंगात एक गाठ आहे. तिथे खुंटी जराशी वाकडी बसली.

"राहू दे वाकडी," सुतारकाका म्हणाले. "माणसं येऊन सरळ बसली म्हणजे झालं."

त्यांनी मला कुटुंब आधार केंद्रात लावलं. नाव मोठं, पण केंद्र म्हणजे काय, तर कपडे धुण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून सतत साबणाचा वास आणि यंत्रांची घरघर. वर सतरंजी, दहा-बारा खुर्च्या, चहाची शेगडी आणि मी. दर गुरुवारी दोन तुकड्या भरायच्या, एक सकाळची, एक दुपारची. ज्याला जी जमेल तिला त्याने यायचं. लहान बाळांच्या आया यायच्या, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं करणाऱ्या सुना यायच्या, एकटे बाप यायचे. त्यांना तिथे श्वासाचे व्यायाम शिकवायचे, झोप का उडते ते समजावायचे, राग आला की काय करायचं ते बोलायचे. शिकवणारे आणि सुतारकाकांसारखे मदतीला येणारे, सगळे आपला वेळ देऊन काम करणारे. पगार नाही, बिल्ला नाही. चहा मात्र भरपूर.

केंद्र चालवायच्या मोठ्या बाई. आयुष्यभर दवाखान्यात परिचारिका होत्या, त्यामुळे बोलणं खणखणीत आणि हात मऊ. प्रत्येकाचा कप वेगळा, ही त्यांचीच कल्पना. पहिल्या दिवशी पांढरा कप द्यायचा आणि त्याच्या एका बाजूला हवं ते रंगवायला सांगायचं. कुणी फूल काढलं, कुणी सायकल. एका काकांनी नुसती रेघ मारली आणि म्हणाले, "ही मी झोपलेलो आहे."

आता खरी गंमत ऐका. गुरुवारी सकाळी सगळे कप चित्र भिंतीकडे करून टांगलेले असायचे. जो येईल त्याने आपला कप घ्यायचा, चहा प्यायचा, धुवायचा आणि परत लावताना चित्र खोलीकडे करायचं. आलेल्यांना वाटायचं, ही आपली एक पद्धत आहे. पण दुपारची तुकडी गेली की मोठ्या बाई माझ्यासमोर उभ्या राहायच्या. ज्याचा कप अजून भिंतीकडे, तो आलेला नाही. मग शुक्रवारी कुणीतरी त्याच्या घरी जायचं.

जायचं, पण काळजी दाखवत नाही. काहीतरी मागायला.

"दारात उभं राहून 'बऱ्या आहात ना' विचारलं, तर आतून 'हो' येतं आणि दार लागतं," मोठ्या बाई सांगायच्या. "सुई मागा. दोऱ्यासकट मागा. शोधायला वेळ लागतो, तेवढ्यात तुम्ही आत."

किती घरांतून केंद्रात सुया आल्या, मोजदाद नाही. आणि सुईमागून किती जणं परत आली, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पाठमोरा कप पुढच्या गुरुवारी सरळ व्हायचा, तेव्हा मला वाटायचं, बाकाची पाठ होते त्यापेक्षा हे बरं. तेव्हा माणसं नुसती वाट बघायची. आता त्यांची वाट बघणारं कुणीतरी होतं.

हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. "लिहून लावलं की हजेरी होते," बाई म्हणायच्या, "आणि हजेरी म्हटली की माणसं खोटं बोलायला लागतात."

सातव्या खुंटीवर निळ्या माशाचा कप होता. तो रंगवणारी बाई पंचविशीची, मांडीवर आठ महिन्यांचं बाळ. बोलायची कमी. कुणीतरी गमतीत तिला मासेवाली म्हटलं तर म्हणाली, "नका हो, लोक भाव विचारतील." तेवढं एकदाच मी तिला हसताना पाहिलं. खुंटी वाकडी असल्यामुळे तिचा कप कधी स्थिर राहायचा नाही. तो हलला की ती चटकन मागे बघायची. बाळ रडलं तर मात्र बघायची नाही. कुणीतरी दुसरंच उठून त्याला घ्यायचं.

त्याच सुमाराला केंद्रात एक नवी मुलगी कामाला आली. नुकतं लग्न झालेली, हाताला सतत चाळा. खुर्च्या लाव, सतरंजी झटक. सगळे तिला लगबगताई म्हणू लागले. एका गुरुवारी मासेवाली कप धूत असताना लगबगताईने तिला विचारलं, "आज तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

ती म्हणाली, "पुढच्या वेळी सांगते. एवढ्या माणसांत नाही."

पुढचा बुधवार आला. लगबगताई साफसफाईला आली. कपांत धूळ दिसली म्हणून तिने बाराच्या बारा कप घासले, पुसले, आणि चित्रं किती छान आहेत म्हणून सगळी खोलीकडे करून लावली. दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि खूश झाली. तिला नियम कुणी सांगितलाच नव्हता. मोठ्या बाईंना वाटलं सुतारकाकांनी सांगितला असेल, सुतारकाकांना वाटलं बाईंनी.

गुरुवारी मासेवाली आली नाही. सकाळच्या तुकडीला वाटलं, दुपारी येईल. दुपारच्या तुकडीला वाटलं, सकाळी येऊन गेली. त्या दिवशी दुपारची तुकडी गेल्यावरच आलेल्या मोठ्या बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. बारा चित्रं त्यांच्याकडे बघत होती.

"वा!" त्या म्हणाल्या. "आज सगळी आली. उद्या सुट्टी."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. मला फक्त एक वाकडी खुंटी आहे. त्या क्षणी सातवा कप वाजला. टक्. बाईंनी तो हाताने थांबवला, कप भिंतीकडे फिरवला, मग बाकीचेही फिरवले आणि दिवा मालवून गेल्या.

त्यापुढच्या गुरुवारी सातवा कप पाठमोराच राहिला. शुक्रवारी मोठ्या बाई आणि लगबगताई सुई मागायला गेल्या. परत आल्या तेव्हा बाई खुर्चीत बसल्या आणि चपला काढायच्या विसरल्या. सुतारकाकांनी विचारलं, "भेटली का?"

"कुलूप आहे," बाई म्हणाल्या. "रविवारी गेली म्हणे. बाळ कडेवर आणि एक पिशवी. शेजारणीने विचारलं कुठे, तर सांगितलं नाही."

"निरोप?"

बाई वाकून चपला काढू लागल्या. लगबगताईच बोलली. "शेजारीण म्हणाली, मागच्या शुक्रवारी दिवसभर तिने दार लोटूनच ठेवलं होतं. कडी लावलीच नाही. एक सुई दोरा ओवून खिडकीत खोचून ठेवली होती. शेजारणीला म्हणाली, माझ्याकडे आज कुणीतरी येणार आहे."



म्हणजे तिला नियम कळला होता. कुणी न सांगता, नुसतं बघून. ती मुद्दामच आली नव्हती, कुणीतरी घरी यावं म्हणून. एवढ्या माणसांत जे सांगता येत नव्हतं, ते एकाच माणसाला, दाराआड सांगायचं होतं तिला. आणि माझ्यावरच्या कपाने सांगितलं, ती मजेत आहे.

"कप मी धुतले होते," लगबगताई म्हणाली. "मीच सरळ लावले."

"तुला सांगायला हवं होतं. चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. पण काही शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाहीत. ते तिच्यापर्यंत पोचले नाहीत.

खूप शोधलं. दवाखान्यांत विचारलं, चौकीत सांगितलं, तिच्या माहेरचा पत्ता मिळतो का पाहिलं. काही कळलं नाही. वाईट कळलं नाही, तसं चांगलंही नाही. सातव्या खुंटीवर दुसरा कप टांगायला कुणाचा हात धजला नाही.

पुढे मोठ्या बाई वारल्या. केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या इमारतीत गेलं. तिथे फोनवर निरोप येतात, हजेरीही फोनवरच लागते. मी अडगळीत निघाले, तेव्हा लगबगताईने मला मागून घेतलं. कपही घेतला. सुतारकाका म्हणाले, "कप कशाला नेतेस? मन खाईल तुला."

ती म्हणाली, "तसंही खातंच आहे, काका. निदान समोर बसून खाईल."

या घरातली आई म्हणजे तीच. सात वर्षं झाली. माझ्यावर आता चारच कप आहेत. घरात एक खेळ आहे: रोज सकाळी सगळे कप भिंतीकडे, आणि दिवसातून एकदा तरी खाली बसून, गरम असताना, शेवटपर्यंत चहा किंवा दूध प्यायलं, तर आपला कप खोलीकडे करायचा. माशाचा कप मात्र कायम भिंतीकडे. इतरांना त्याची पाठ दिसते. मला माशाचा डोळा दिसतो, निळा, न मिटणारा. सात वर्षं तो माझ्याकडे बघतो आहे. वाजतो तेव्हा लोक म्हणतील, खुंटी वाकडी आहे, लाकूड फुगतं. असेलही. पण त्याच फळीवरचे बाकीचे कप का वाजत नाहीत, ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला दार वाजवता येत नाही. तुम्हाला येतं. टांगलेला कप बघून माणूस ठीक आहे असं समजू नका. चित्र कितीही छान दिसलं तरी एकदा जाऊन बघा. काही सुचलं नाही, तर सुई मागा.

टक्.

आता पुन्हा वाजला. बाळ जागं झालं. रडतं आहे. आई शेंगांच्या ताटासमोर बसली आहे, तिचे हात तसेच मांडीवर. शेगडीवर सकाळचा चहा आहे, त्यावर साय धरली आहे. बाळाचे बाबा ट्रक घेऊन लांब गेले आहेत, अजून दहा-बारा दिवस तरी येणार नाहीत. थोरली सहा वर्षांची आहे. ती स्टूल ओढून माझ्यासमोर उभी राहते आणि एकेका कपाला बोट लावते.

"आई, माझा कप इकडे."

"हं."

"बाबांचा तिकडे. ते गाडीवर आहेत म्हणून."

"हो गं."

"माशाचा तिकडे. तिला बघायला तू गेली होतीस, पण ती नव्हती."

 बाळ रडतंच आहे. थोरलीचं बोट शेवटच्या कपावर येतं. त्यावर एक चिमणी रंगवलेली आहे, पण ती आता फक्त भिंतीला दिसते. अकरा दिवस झाले. मी मोजले आहेत.

"तुझा पण तिकडेच आहे," थोरली म्हणते. "कालपण होता. परवापण."

ती स्टुलावरून मागे वळते.

"मग आई, तुला बघायला कोण येणार?"