शेवटच्या माणसाचा घोट

"या प्याल्यात अवघी मानवजात एक होते!" पास्टर विनोद यांनी प्याला दोन्ही हातांनी वर धरून घोषणा केली.

"माशीबी पडली त्याच्यात," पहिल्या बाकावरून जिजाबाई म्हणाल्या.

मानवजातीला क्षणभर थांबवून पास्टरांनी चमच्याने माशी काढली. मानोरा गावाजवळच्या त्या पत्र्याच्या चर्चमध्ये मानवजात एकूण अकरा डोक्यांची होती. प्याल्यात काळ्या मनुका उकळून गाळलेला रस होता. माणशी एक चमचा, आणि वर चार चमचे भीतीचे.

कारण गेले तीन महिने शेवटच्या माणसापर्यंत प्याला रिकामाच पोचत होता. शेवटचा माणूस म्हणजे दौलतसिंग. त्याच्या आधी चंपाबाई बसत, आणि दोघांच्या मध्ये एका माणसाची मोकळी जागा. ती चंपाबाईंच्या नवऱ्याची, पुंजाजींची. ते पोळ्याच्या सुमारास वारले होते.

जिवंतपणी पुंजाजींनी नऊ वर्षं प्याल्याला तोंड लावलं नाही. दौलतसिंगच्या शेताला लागून असलेल्या धुऱ्यावरचा त्यांचा कडुलिंब एका सकाळी आडवा सापडला होता. वादळानं पडला, असं दौलतसिंग शपथेवर सांगे.

"ज्याच्याशी मन साफ नाही, त्याच्यासंगं एका प्याल्यातून कसा पेऊ?" एवढं बोलून पुंजाजी प्याला पुढे सरकवत. शिकवणही तीच होती: आधी भावाशी समेट, मग प्याला. पास्टर ती दर महिन्याला सांगत, आणि ती शेजारच्यासाठी आहे असं समजून सगळे दर महिन्याला मान डोलावत.

प्याला बाकांवरून फिरला. प्रत्येक घोटानंतर पास्टर रुमालाने कड पुसत होते. चंपाबाईंचा घोट झाला तेव्हा आत चांगले पाच चमचे शिल्लक होते. पास्टरांनी ते डोळ्यांनीच मोजले. मग त्यांनी मोकळ्या जागेसमोर पाऊल टाकलं आणि प्याला हातातल्या हातात हलका होऊ लागला. हळूहळू, चवीचवीने. वर पत्रा उन्हाने तडतडत होता. पास्टरांची बोटं मात्र गार पडली. नुकत्याच पुसलेल्या कडेवर चुन्याची बारीक पांढरी रेघ उमटली. त्या बाकावर तंबाखूला चुना लावणारे एकटे पुंजाजीच होते.

दौलतसिंग ते बघत होता.

"पास्टर, थांबा जरा." तो मोकळ्या जागेकडे वळला. मान मात्र खालीच होती. "पुंजाजी, त्या दिशी वारं नव्हतं गा. कुऱ्हाड होती. माह्या हातात."

पहिल्या बाकावरच्या जिजाबाई पूर्ण मागे वळून बसल्या.

प्याला हलका व्हायचा थांबला. तळाशी एक घोट उरला होता. पास्टरांनी सवयीने रुमाल उचलला.

"राहू द्या," दौलतसिंग म्हणाला. चुन्याच्या रेघेलाच ओठ लावून तो प्यायला, आणि बराच वेळ त्याने रिकामा प्याला हातातून सोडला नाही.

शेवटची प्रार्थना पास्टरांनी डोळे उघडे ठेवून केली.

माणसं पांगल्यावर चंपाबाई दाराशी रेंगाळल्या. मोकळ्या बाकाकडे एकदा बघून, आवाज उतरवून म्हणाल्या,

"पास्टर, पुढल्या खेपेले मनुका जरा कमी टाकजा. आमच्या यायले शुगर हाये."