आत्याची लकी सीट

आत्यानं गाडीतली ती लहान मुलाची सीट स्वतःच्या हातानं स्वच्छ केली होती. कव्हर काढून घासलं, उन्हात वाळवलं, परत चढवलं. भावाची लेक आता बसायला लागली होती, आणि आत्याकडे पारखलेली सीट असताना बाजारात कशाला हिंडायचं? शिवाय ती साधीसुधी नव्हती. काही वर्षांपूर्वी पुढचा टेम्पो अचानक थांबला आणि आत्याची गाडी त्याच्यावर जाऊन आदळली, तेव्हा याच सीटनं आत्याच्या लेकाला सांभाळलं होतं. साधा ओरखडा नाही! तेव्हापासून आत्यानं तिला हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले होते. अपघाताचं मात्र ती कुणाला फार सांगायची नाही. "किरकोळ ठोकर हो," एवढंच म्हणायची.

आत्या सीट घेऊन भावाच्या घरी पोचली. भावजयीनं ती पाहिली आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

"ताई, ही त्या अपघातातलीच ना?"

"मग! तेच तर. लकी आहे ती."

"रागावू नका, पण एकदा धडक बसलेली सीट पुन्हा वापरत नाहीत. धडकेचा सगळा मार ती स्वतःवर घेते. परत तेवढा सोसेलच असं नाही."

झालं, आत्याचा पारा चढला. एवढ्या मायेनं आणलेल्या वस्तूला ही कालची पोर नाक मुरडते! भावाकडे पाहावं तर तो मिठाची गुळणी धरून लेकीचे मोजे सारखे करत बसलेला. नेहमीचंच आहे त्याचं.

"वापरलेली नको असेल तर तसं सांग ना सरळ. धडधाकट आहे ती, काय झालंय तिला?"

"तसं नाही हो ताई. वरून दिसत नाही ते."

"दिसत नाही म्हणे! थांब, आता दाखवतेच तुला."

आत्यानं फरशीवरच बैठक मारली. सीट मांडीवर आडवी घेतली, कव्हर फराफरा ओढून काढलं. धुताना काढलं होतं तेवढ्यावर ती थांबली नाही. आतला थर्माकोल मात्र घट्ट बसलेला होता, तो तिनं आजवर कधी हलवलाच नव्हता. आज नखं घालून उपटला.

खालच्या प्लॅस्टिकला तडा गेला होता. लेकाची पाठ टेकायची तिथून सुरू झालेला, थेट कडेपर्यंत. आत्यानं त्यावरून बोट फिरवलं. मग दोन्ही हातांनी जरा दाबून पाहिलं, तर तो चांगलाच फाकला.

ही किरकोळ ठोकर?

त्या दिवशी काय झालं असतं, हे ती पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आणत होती. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं आठवलं, ते त्याहून वाईट होतं.

"अगं," ती भावजयीला म्हणाली. "त्यानंतर तो मोठा होईपर्यंत मी त्याला यातच बसवत होते गं. गावाला, लग्नाला, कुठं कुठं नेलं. पट्टा लावला की मी निवांत."

भावजय तिच्या शेजारी खाली बसली.

भावाला आता कंठ फुटला. "जाऊ दे ना, काही झालं नाही ना? खाली कचऱ्याजवळ ठेवून येतो."

"ठेवून येतो म्हणे! कुणीतरी चांगली दिसते म्हणून उचलून नेईल आणि आपलं पोर बसवेल. अक्कल आहे का तुला?" आत्या कडाडली. "कात्री आण."

पट्टा जाड होता, कात्री चालेना. आत्या घामाघूम झाली, अंगठा लाल झाला, पण तिनं भावाला हात लावू दिला नाही. एकेक पट्टा मुळापासून कापला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायलाही ती थांबली नाही.

शेवटचा पट्टा तुटल्यावर तिनं ते सगळे तुकडे गोळा करून मांडीवर घेतले, आणि बराच वेळ कुणालाच उचलू दिले नाहीत.