लाल खांद्यांचा ब्लाउज

ललिताचं अंग कित्येक वर्षांपासून ठणकत होतं. रिपोर्टात काही सापडत नसे आणि नातेवाइकांना त्याचा भलताच आनंद होई. ‘काही नाई न? मंग झालं!’ म्हणत ते नेमके दुखऱ्या खांद्यावर थाप मारत.

आता तिच्या लेकीचं, करिश्माचं लग्न होतं. पाठवणीच्या वेळी पोरीला पोटाशी धरायचं आणि तेही न किंचाळता, एवढीच ललिताची इच्छा.

घुग्घुसच्या सलीमाबाई टेलरनं ब्लाउज शिवला. हात मागे जात नव्हते, म्हणून पुढून चुंबकाची बटणं. टोचू नये म्हणून शिवण बाहेरून, ती झाकायला वर जरीची पट्टी. आणि दुखेल तिथं लालभडक रेशीम: खांदे, मान, अर्धी पाठ.

"दुखते ते दिसत नाई, म्हून लोक हात मारते. आता दिसू दे न बाई, झकासपैकी!" सलीमाबाई म्हणाली.

ब्लाउज देखणाच झाला. पण अर्धं वऱ्हाड कोळसाखाणीतलं, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही. खाणीत लाल झेंडा म्हणजे सुरुंग उडणार. रस्ता मोकळा झाल्याची शिटी वाजेस्तोवर लांब थांबायचं. ललिता मांडवात शिरली आणि माणसं आहेराची पाकिटं धरून जागच्या जागी थबकली. पायांची सवय ती, डोक्याला विचारतो कोण! नवरदेवाचे मामा तर कानांवर हात ठेवून खालीच बसले. ललितानं मात्र जन्मात पहिल्यांदा निवांत जेवण केलं.

पाठवणीला करिश्माही लांबच थांबली. खाणीच्या वसाहतीतच वाढलेली पोर ती. दोघी दुरूनच रडू लागल्या. वऱ्हाडातल्या, सुरुंग उडवण्यात हयात गेलेल्या गुणवंतरावांना ते बघवेना. त्यांनी खिशातली शिटी काढली आणि रस्ता मोकळा झाल्याचा इशारा वाजवला. झालं! अख्खं वऱ्हाड ललिताच्या गळ्यात पडायला धावलं.

"थांबा!" शालू खोचून करिश्मा आईपुढे आडवी झाली. "रस्ता बंद हाये!"

वऱ्हाड एकमेकांवर आदळून थांबलं. मग ती वळली.

"आई, तुले कुठी धरू?"

हे ललिताला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तिलाही उत्तर शोधावं लागलं. कोपर चाचपून झालं, मनगट झालं. शेवटी तिनं कमरेच्या जरा वर हात ठेवला.

"इथी नाई दुखत. इथी घट्ट धर."

करिश्मानं धरलं. बाहेर गाडी हॉर्न वाजवत राहिली, पण दोघीही हलल्या नाहीत.